माळ्यावर रात्री कोण चालतं?

तुळशीपाशी
नमस्कार. गुहागर तालुक्यात आमचं जुनं कौलारू घर आहे. सासूबाई गेल्यापासून मी इथेच असते. गेला महिनाभर रात्री साडेअकराच्या सुमारास माळ्यावर पावलं वाजतात. उंदीर खुडबुडतो, हे तसं नाही. हे वजन टाकत चालतं, मध्येच थांबतं, मग पडवीच्या बाजूला कौल सरकतं आणि सगळं शांत. पहाटे चारनंतर परत येतं.

न्हाणीघराच्या स्लॅबवर रोज एकाच कोपऱ्यात विष्ठा असते. काल काडीने उकरून पाहिली. निम्म्याहून जास्त जांभळाच्या बिया, अख्ख्या, धुऊन ठेवल्यासारख्या. थोड्या पपईच्या, आणि भुंगेऱ्याच्या पंखाचं एक हिरवं चकचकीत टरफल.

परवा बॅटरी घेऊन पडवीत बसले, तर ते पपईवर होतं. मांजरापेक्षा लांब, काळपट राखाडी, तोंड काळं, डोळ्याखाली पांढुरका डाग, शेपूट जवळजवळ अंगाएवढी. खोडाला धरून पिकल्या पपईत नाक खुपसलेलं. उजेड पडल्यावर माझ्याकडे बघितलं, नाकावरचा गर चाटला आणि पुन्हा खायला लागलं. आणि वास आला तो आंबेमोहोर रटरटत असल्यासारखा! रात्री बारा वाजता कोण भात टाकणार?

मुलगा मुंबईहून म्हणतो, माळा बंद करून टाक. वाडीतले एकजण फासकी लावायला तयार आहेत. मला दोन्ही नको वाटतं. हे आहे तरी काय? राहू दिलं तर काही बिघडेल का?

रानवाटसरू
ताई, कांडेचोर आहे तुमच्याकडे. कुणी उदमांजर म्हणतात, पण त्या नावाने घोटाळा होतो, कारण ऊद म्हणजे नदीतलं पाणमांजर, ते वेगळं. जवादी मांजरही वेगळं. त्याच्या शेपटीवर कडी असतात आणि ते जमिनीवरच जास्त फिरतं. तुम्ही पाहिलेल्या शेपटीवर कडी नव्हती ना? आणि पपईवर चढलं होतं म्हणजे कांडेचोरच. भाताचा वास त्याच्या शेपटीखालच्या ग्रंथींचा. आमच्या सावंतवाडीच्या घरी आजी वासावरूनच सांगायची, "इलो बघ."

फासकी अजिबात लावू देऊ नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि फासकीत काय अडकेल ते आपल्या हातात नसतं. मी फासकीत पाय तुटलेलं कांडेचोर पाहिलंय. ते आठवलं की अजून जेवण जात नाही.

त्या बिया फेकू नका, परसात टाका. भेरली माडाची फळंही ते खातं आणि बिया दूरवर नेऊन टाकतं. आमच्या गडग्याला लागून दोन भेरले उभे आहेत, ते कुणी लावलेले नाहीत.

खालचीवाडी
कौतुक ठीक आहे, पण माझी बाजूही ऐका. मागच्या वर्षी माझ्या खुराड्यातली चार पिल्लं एका रात्रीत गेली. कोंबड्या असतील तर खुराडं तिन्हीसांजेलाच बंद करा, बारीक जाळी मारा, फटी ठेवू नका. जाळी मारल्यापासून एकही गेलं नाही, आणि ते अजून येतं माझ्या चिकूवर. पिकतात त्यातले थोडे त्याचे, हे मी आता धरूनच चालतो.

पेठेतला
पुण्यात आमच्या वाड्याच्या छपरातही होतं. मी एक चूक केली, ती सांगतो म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. माळ्याची फट दिवसा बुजवली. दिवसा ते आत झोपलेलं असतं, हे डोक्यातच आलं नाही. रात्री आतून ओरखडण्याचा आवाज ऐकून सगळं उचकटलं. मादी बाहेर गेली आणि मागे राहिली तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. आम्ही हात न लावता खाली आलो, दिवे घालवले. दुसऱ्या रात्रीपर्यंत तिने एकेक करून तिन्ही नेली. ती रात्र मी जिन्यात बसून काढली.

म्हणून आधी पिल्लं आहेत का बघा. बारीक चिरकणं ऐकू येतं. असतील तर ती आईमागे बाहेर हिंडायला लागेपर्यंत थांबा. मग रात्री सगळी बाहेर पडल्यावर जाळी मारा आणि छपरावर आलेली फांदी छाटा. जखमी किंवा अडकलेलं दिसलं तर हाताने धरू नका, वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

तुळशीपाशी
सगळ्यांचे आभार. फासकीला नाही म्हणून सांगितलं. शेपटीवर कडी नव्हती, काल पुन्हा नीट पाहिलं. आणि दुपारी सगळं सामसूम असताना माळ्याखाली कान देऊन उभी राहिले. चिरकणं ऐकू आलं, दोन वेगवेगळे आवाज तरी नक्की. मुलाला फोन करून सांगितलं, कौलांचं काम आता दिवाळीनंतर. पपईचं एक फळ पिकत आलंय, ते झाडावरच ठेवलंय.