केनिया की टांझानिया? नोकरी, फ्लॅट आणि सासू-सासऱ्यांची सफारी

प्रश्न, पुण्याहून

नमस्कार मंडळी,

नैरोबी आणि दार-ए-सलाम, दोन्हीकडच्या ऑफर हातात आहेत. पगार जवळपास सारखाच, डॉलरमध्ये. करार तीन वर्षांचा. मुलगी आठ वर्षांची. ऑगस्टमध्ये सासू-सासरे येतील, दोघेही साठीच्या पुढचे. मिस्टरांच्या मनात तिकडे एक फ्लॅट घ्यायचा आणि जमलं तर छोटं किराणा-मसाल्याचं दुकान टाकायचं आहे. कुठे काय अडतं ते नेमकं सांगाल का?

उत्तर, नैरोबीहून

ताई, आधी फ्लॅटचं बोलतो, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच अडकतो.

2010च्या राज्यघटनेच्या कलम 65 प्रमाणे परदेशी नागरिकाला केनियात जमीन फक्त भाडेपट्ट्याने मिळते, तीही जास्तीत जास्त 99 वर्षांसाठी. एजंट ‘फ्रीहोल्ड’ (कायमची मालकी) किंवा ‘999 वर्षं’ म्हणाला तरी तुमच्या नावावर आल्यावर ते 99 वर्षांपुरतंच धरलं जातं. शेतजमिनीच्या वाटेला जाऊच नका.

व्यवहार असा चालतो: तुमचा स्वतःचा वकील (बिल्डरने सुचवलेला नको) जमिनीच्या नोंदणीचा शोध घेतो. नैरोबीतल्या बऱ्याच मिळकतींचा शोध ‘अर्धीसासा’ या सरकारी पोर्टलवर होतो. मूळ टायटलवर बँकेचा बोजा आहे का, पट्ट्याची किती वर्षं उरली आहेत, काउंटीचा कर आणि सरकारी भुईभाडं भरलंय का, हे कागदावर आल्याशिवाय 10 टक्के इसार द्यायचा नाही. शहरी मिळकतीवर मुद्रांक शुल्क 4 टक्के, वकिलाची फी त्याशिवाय. 2020च्या सेक्शनल प्रॉपर्टीज कायद्यानंतर प्रत्येक फ्लॅटचं स्वतंत्र टायटल निघतं. ते निघालेलं नसेल तर नेमकं कधी आणि कुणाच्या खर्चाने निघणार, हे करारात लिहून घ्या.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सगळ्यात जास्त लोक फसतात. बिल्डरने त्याच जमिनीवर कर्ज काढलेलं असतं, हप्ते थकले की बँक जमीन लिलावात काढते आणि फ्लॅटवाल्याच्या हातात नुसतं वाटपपत्र उरतं. म्हणून पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे, तेही वकिलांच्या एस्क्रो खात्यात (अटी पूर्ण होईपर्यंत पैसे राखून ठेवणारं खातं). शिवाय बँकेकडून ‘या फ्लॅटवर आमचा बोजा राहणार नाही’ असं लेखी घ्यायचं.

भाड्याचं उत्पन्न वर्षाला 2,88,000 ते दीड कोटी शिलिंग असेल आणि तुम्ही इथले करनिवासी असाल, तर एकूण भाड्यावर 7.5 टक्के कर. तो दर महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचा. करार संपून पुण्याला परतलात की अनिवासी म्हणून हाच दर 30 टक्के होतो. विकताना नफ्यावर 15 टक्के. तीन वर्षांच्या मुक्कामासाठी मी फ्लॅट घेऊ नका असंच म्हणेन.

पैसे गुंतवायचेच असतील तर केनिया सरकारचे इन्फ्रास्ट्रक्चर बाँड बघा, त्यांच्या व्याजावर कर नाही. फेब्रुवारी 2024च्या बाँडचा दर 18.46 टक्के होता. तेवढा दर दरवेळी मिळेल असं मात्र धरू नका. त्या वर्षी जानेवारीत डॉलरला 160 शिलिंग पडत होते आणि वर्ष संपायच्या आत तो भाव 130च्या आसपास आला, म्हणजे चलनाची जोखीम दोन्ही बाजूंनी आहे. बाँडसाठी मध्यवर्ती बँकेत खातं लागतं, ते ‘धाऊ सीएसडी’ ॲपवरून उघडतं.

आणि मिस्टर पुण्यातून पैसे पाठवणार असतील तर रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. 10 लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (बँक आधीच वसूल करते तो आयकर) कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकून राहतात.

राहायचं म्हणाल तर शहर सुमारे 1,700 मीटर उंचीवर आहे. पंखासुद्धा क्वचित लागतो आणि मलेरियाची भीती फार कमी. पार्कलँड्स, न्गारा भागात तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं.

उत्तर, दार-ए-सलामहून

ताई, दादांनी केनियाचं सविस्तर लिहिलंय, मी दुकानापासून सुरू करते. टांझानियात ते डोक्यातून काढूनच टाका. जुलै 2025च्या आदेशाने 15 व्यवसाय परदेशी नागरिकांना बंद झालेत. किरकोळ आणि घाऊक व्यापार (सुपरमार्केट वगळून), मोबाइल मनी (फोनवरून पैसे भरण्या-काढण्याचा धंदा), फोनदुरुस्ती, सलून, टूर गाइड, जमिनीची दलाली, शेतावर जाऊन मालाची खरेदी, हे सगळं त्या यादीत आहे. पकडलं गेल्यास मोठा दंड, तुरुंगवास आणि व्हिसा रद्द. स्थानिक माणसाच्या नावावर परवाना काढून आपण मागे बसायचं, ही युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. त्या आदेशात मदत करणाऱ्या नागरिकालाही शिक्षा आहे.

जमीनही इथे कुणाच्याच मालकीची नसते. 1999च्या कायद्याने सगळी जमीन सार्वजनिक, राष्ट्राध्यक्ष विश्वस्त. परदेशी माणसाला ती फक्त गुंतवणुकीसाठी, तीही गुंतवणूक प्राधिकरणामार्फत मिळते. राहायला म्हणून घर घ्यायला ही वाट नाही. झांझिबार बेटं टांझानियातच, पण तिथले जमिनीचे कायदे वेगळे आहेत. तिथे मान्यताप्राप्त प्रकल्पांत परदेशी लोकांना दीर्घ पट्ट्याने फ्लॅट मिळतात, आणि एक लाख डॉलरच्या वर घेतलं तर राहण्याचा परवानाही. पण समुद्राकाठच्या फ्लॅटचं भाडं पर्यटकांच्या हंगामावर चालतं, हे विसरू नका.

नोकरीची ऑफर इथली घेतलीत तर कागद दोन लागतात: कामगार आयुक्तांचा वर्क परमिट आणि इमिग्रेशनचा ‘क्लास बी’ रहिवासी परवाना. दोन्ही हातात येण्याआधी कामाला बसू नका, कंपनी कितीही घाई करो. मिस्टरांना डिपेंडंट पासवर (जोडीदाराच्या परवान्यावर मिळणारा पास) नोकरी करता येत नाही. ते केनियातही तसंच आहे.

मार्च 2025 पासून देशांतर्गत व्यवहारात डॉलरमध्ये किंमत सांगायला आणि घ्यायला बंदी आहे. घरमालक भाडं डॉलरमध्येच मागत असेल तर करार शिलिंगमध्ये करून मागा.

दार-ए-सलाममध्ये दमट उकाडा आहे, आणि मलेरियाही. जाळ्या, मच्छरदाणी, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी. मुलीच्या बाबतीत उद्यावर ढकलू नका. तूर मात्र इथलीच, मत्वारा-लिंडीकडची. भारतात जाते ती हीच.

राजकारणाचंही सांगायला हवं. ऑक्टोबर 2025च्या निवडणुकीत हिंसाचार झाला, दार-ए-सलाममध्ये संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद होतं. मोबाइल मनीवर सगळं चालणाऱ्या शहरात ते फार जाचक होतं. आठवड्याच्या खर्चाची रोकड, पाणी आणि धान्य घरात असू द्या. नैरोबीतही जून 2024मध्ये करविरोधी आंदोलन चिघळलं होतं, आणि तिथे ऑगस्ट 2027मध्ये निवडणूक आहे. तुमच्या करारात ती येतेच.

उत्तर, अरुषाहून

सफारीचं मी लिहितो, कारण ऑगस्ट म्हटलं की हिशोब पूर्ण बदलतो.

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात प्रवेश फी जुलै ते डिसेंबर अनिवासी प्रौढाला 200 डॉलर, जानेवारी ते जून 100. तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6. शेवटच्या दिवशी सकाळी 10च्या आत बाहेर पडला नाहीत तर पुन्हा पूर्ण फी. टांझानियातल्या सेरेनगेटीत हंगामात 70 डॉलर अधिक 18 टक्के व्हॅट, म्हणजे 82.60, आणि ते 24 तास चालतं. आत राहिलात तर माणशी रात्रीचे आणखी 60 अधिक व्हॅट. टांझानियातल्याच गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवरात उतरायला गाडीचे वेगळे 295. तुमच्याकडे त्या देशाचा रहिवासी परवाना असला तर तुम्हाला रहिवासी दर मिळेल, सासू-सासऱ्यांना नाही.

ऑगस्टमध्ये वाइल्डबीस्टचे (स्थलांतर करणारी मोठी हरणं) कळप मारा नदीपाशी असतात. ती नदी उत्तर सेरेनगेटीतूनही वाहते, तिथलं ठिकाण कोगातेंदे. गर्दी कमी, पण पोचायला लांब. पिल्लं बघायची असतील तर जानेवारीअखेर ते मार्च, दक्षिणेला न्डुटू.

नकाशावर मारा आणि सेरेनगेटी चिकटून दिसतात, पण मधली हद्द पर्यटकांना बंद आहे. नामांगा किंवा इसेबानिया या सीमानाक्यांवरून वळसा घालावा लागतो, आणि केनियाची सफारी गाडी टांझानियाच्या उद्यानात चालत नाही, सीमेवर गाडी बदलते. वयस्कर माणसांबरोबर एका वेळी एकच देश करा.

व्हिसा: केनियाचं ई-टीए (ऑनलाइन प्रवास-परवानगी) सुमारे 30 डॉलर, टांझानियाचा ई-व्हिसा 50. केनिया-युगांडा-रवांडाचा 100 डॉलरचा एकत्रित व्हिसा टांझानियात चालत नाही.

पिवळ्या तापाचं कार्ड केनियातून टांझानियात शिरताना मागतात आणि केनियातून भारतात उतरतानाही; भारतात ते नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस टोचल्यावर दहाव्या दिवसापासून कार्ड लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. साठीपुढच्यांना या लशीचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. टोचायची नसेल तर त्यांच्याकडून सूट-पत्र घ्या. झांझिबारला जाणार असाल तर तिथला 44 डॉलरचा विमा सक्तीचा आहे, दुसरा असला तरी.

सामान बांधताना चिवडा-लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात. दोन्ही देशांत प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, केनियात 2017 पासून, टांझानियात 2019 पासून. विमानतळावरची ड्यूटी-फ्रीची पिशवीही त्यात आली. आणि गोरोंगोरोच्या विवराच्या कडेला ऑगस्टमध्ये रात्री चांगलीच थंडी असते, स्वेटर-कानटोपी सांगून ठेवा.

नैरोबीहून, पुन्हा

दुकानाबद्दल राहिलं होतं. केनियात परदेशी गुंतवणूकदाराचा ‘क्लास जी’ परमिट मिळतो, पण एक लाख डॉलरचं भांडवल दाखवावं लागतं. छोट्या किराण्यासाठी ते परवडत नाही. ताई, तुमची यादी बघता नैरोबीची ऑफर घ्या, घर भाड्याने घ्या, आणि सासू-सासऱ्यांना ऑगस्टऐवजी फेब्रुवारीत बोलवा. माराची फी निम्मी होते आणि हवाही कोरडी असते.