मदत हवी आहे : ही संख्या २५ अंकांवरच का अडते?

मंडळी, नागपुरात प्रतापनगरला आठवी-नववीच्या पोरांची गणिताची शिकवणी घेतो. २२ डिसेंबरच्या गणित दिनाला रामानुजनांची १७२९ आणि कापरेकरांची ६१७४ दरवर्षी होतेच. यंदा फळ्यावर ही मांडणार आहे :

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

डावीकडचे दोन अंक घ्या, ३६, त्याला २ ने भाग जातो. ३६० ला ३ ने, ३६०८ ला ४ ने, ३६०८५ ला ५ ने... असं करत अख्ख्या संख्येला २५ ने. या गुणाची २५ अंकी संख्या ही एकच, आणि याहून लांब एकही नाही. सरावाला पोरांना ३८१६५४७२९ दिली होती. नियम तोच, शिवाय १ ते ९ एकेकदाच. ती त्यांनी चटकन तपासली.

मोठ्या संख्येला मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरत नाही आणि एक्सेल १५ अंकांपुढे गुपचूप शून्यं भरतं, म्हणून वहीवरच भागाकार. पुढे सव्वीसवा अंक का बसत नाही तेही करून दाखवलं. २६ ने भागलं की बाकी ९ उरते. नवा अंक खाली घेतला की नव्वद आणि काहीतरी. २६ च्या पाढ्यात ७८ नंतर थेट १०४, म्हणजे हवेत १४, आणि एका घरात १४ मावत नाही.

इथवर ठीक. पण मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, दुसऱ्या रस्त्यानं गेलं त काऊन नाई जमत?" रास्त आहे. पोरांना कळेल असं कारण आहे का? 'कॉम्प्युटरने शोधलंय' हे उत्तर मला द्यायचं नाही.

प्रतिसाद
सर, फांद्या मोजायला लावा, म्हणजे दर घरात किती अंक बसतात आणि त्यातून किती संख्या पुढे जातात ते. शेवटी ० ते ९ जोडले की लागोपाठच्या दहा संख्या मिळतात. भाजक दहापर्यंत असेल तर त्यातल्या एकीला तरी भाग जाणारच. दहाव्या घरात फक्त शून्य चालतं, म्हणून ९ अंकी आणि १० अंकी संख्या सारख्याच, २४९२. भाजक अकरा झाला की अंक दहाच, पण खात्रीला हवेत अकरा, मग बारा. काही फांद्या वाळतातच. ११ अंकी २२२५, १५ अंकी ७७०, २० अंकी फक्त ४४. पुढे १८, १२, ६, ३, १.

मात्र ही सरासरीची गोष्ट झाली, सिद्धता नव्हे. आटत जाणार हे तर्काने दिसतं, नेमकं २५ वर संपतं हे फांदी न् फांदी उतरूनच कळतं. एकूण २०४५६ संख्या आहेत. कंटाळवाणं, पण हाताने अशक्य नाही. सम घरात सम अंक, पाचव्या-पंधराव्यात ० किंवा ५, दहाव्या-विसाव्यात ०, एवढं धरलं तरी बरंच काम वाचतं.

धागाकर्ता
वा, हे चालेल! २० अंकी ४४ संख्या पोरांत वाटतो, ज्याची त्याने शेवटपर्यंत न्यायची. कोणाची टिकते ते फळ्यावरच दिसेल. त्या ४४ संख्यांची यादी कोणी टाकू शकेल का? तेवढं मात्र कॉम्प्युटरने काढलेलं चालेल.