मदत हवी आहे: जाळरेषेवर किती पाला जळला, किती धूर झाला, हिशेब कसा धरायचा?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी चंद्रपूरकडच्या सागाच्या जंगलात जाळरेषांवर, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांवर, काम करतोय. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, म्हणून त्याआधी रेषा जाळून मोकळ्या करतात. मजूर दोन्ही कडांचा पाला झाडून आत लोटतात आणि वारा बघून काडी लावतात. त्यात हेक्टरी किती इंधन जळलं आणि धुरातून किती पीएम २.५ (धुरातले अतिसूक्ष्म कण) गेलं, ते मला काढायचंय.

सूत्र सरळ आहे: क्षेत्र × हेक्टरी सुका भार (इंधनाचं सुकं वजन) × जळालेला वाटा × उत्सर्जन गुणांक (एक किलो जळाल्यावर किती ग्रॅम कण निघतात तो आकडा). घोडं अडलंय शेवटच्या दोन आकड्यांवर. रेषेवर गवतही आहे, सागाचा पालाही आहे आणि मधेच एखादा पडका ओंडका, जो दुसऱ्या दिवशीही धुमसत असतो. आंद्रेए आणि मेर्ले या संशोधकांच्या २००१ च्या गुणांकांच्या तक्त्यात किलोमागे पीएम २.५ सॅव्हाना-गवताळ भागासाठी ५.४ ग्रॅम आहे, उष्णकटिबंधीय जंगलासाठी ९.१. समजा हेक्टरी ५ टन भार आहे आणि ८०% जळाला, तर एका गुणांकाने २२ किलोच्या आसपास येतं, दुसऱ्याने ३६! सर म्हणतात, "जंगल आहे ना, मग जंगलाचा घे." मला काही ते पटत नाही.

शिवाय दवाने ओल्या झालेल्या जागी वरचा थर जळतो, खालचा तसाच राहतो. तिथे जळालेला वाटा राखेच्या वजनावरून काढू का?

प्रतिसाद

राखेच्या नादी लागू नका, तिच्यात माती आणि कोळसा येतो. जाळायच्या आधी एक चौरस मीटरच्या चौकटीतला पाला उचलून सुकवून तोला, जळाल्यावर शेजारच्याच चौकटीत उरलेला तोला. १०० ग्रॅम म्हणजे हेक्टरी १ टन. न जळलेले तुकडे वेगळे: रेषेवर ठरावीक पावलांवर थांबून जळालंय की नाही एवढंच लिहीत चला.

गुणांक जंगलाच्या नावावरून नाही, आग कशी जळली त्यावरून घ्या. गवत आणि कोरडा पाला भरभर ज्वाळेने जातो, त्याला सॅव्हानाचा चालेल. ओंडके धुमसतात, धूर जास्त सोडतात. त्यांचा भार वेगळा मोजून त्यालाच ९.१ लावा. दोन्ही आकडे प्रबंधात द्या, सरही गप्प बसतील.

आणि हो, गुणांक सुक्या वजनावर असतात. ओलावा मोजायचे नमुने प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून आणा, कापडी पिशवीत ते ओव्हनपर्यंत पोचायच्या आतच सुकायला लागतात.