मदत हवी आहे: जुन्या पायथन प्रकल्पातील कोडची मांडणी एकसारखी करायची आहे; एकदम करावी की फाइलगणिक?

नमस्कार,

नागपुरात आम्ही पाच जण मिळून कळमना बाजारातील काही संत्रा अडत्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर सांभाळतो. सात वर्षांत या कोडवर बरेच हात फिरले, आणि प्रत्येकाने आपापल्या सवयीची मांडणी मागे ठेवली. काही फाइलींत ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा टॅबने सोडली आहे, काहींत चार स्पेसने. एकाच ब्लॉकमध्ये दोन्हींची विसंगत सरमिसळ झाली तर पायथन ३ चूक दाखवून थांबतो. पण एक फाइल पूर्ण टॅबची आणि शेजारची पूर्ण स्पेसची असेल तर त्याची काहीच हरकत नसते, त्यामुळे हे इतकी वर्षे खपून गेले.

विषय ऐरणीवर आला तो मागच्या आठवड्यात. हमालीची रक्कम दोनदा वजा होत होती, म्हणून एका सहकाऱ्याने बिलाच्या फाइलमधील एक ओळ बदलली. त्याच्या एडिटरने फाइल जतन करताना सगळे टॅब स्पेसमध्ये बदलून टाकले आणि माझ्यासमोर रिव्ह्यूला ६१२ बदललेल्या ओळी आल्या. खरी ओळ शोधण्यात माझी अर्धी दुपार गेली, आणि त्यातही मी अंदाजानेच मंजुरी दिली, हे कबूल करतो.

कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारे ब्लॅक हे साधन वापरावे, यावर आता चौघांचे एकमत आहे. आमच्या पसंतीला त्यात फारशी जागाच नसल्यामुळे वाद आपोआप मिटतील, हे मला त्यातले सर्वांत सोयीचे वाटते. ओळीची लांबी ७९ अक्षरे (पेप ८ या पायथनच्या शैली-मार्गदर्शिकेप्रमाणे) की ब्लॅकची मूळची ८८, यावर आम्ही दोन चहा संपवले. शेवटी ८८ ठरले.

पाचवे सहकारी आमच्यात सर्वांत ज्येष्ठ आहेत आणि त्यांचा विरोध मला निव्वळ हट्ट वाटत नाही. संत्र्याच्या प्रतवारीनुसार दरांचा तक्ता त्यांनी कोडमध्येच स्तंभ जुळवून लिहिला आहे. आकड्याखाली आकडा येत असल्यामुळे चुकीचा दर नजरेनेच पकडता येतो. ब्लॅकने ती जुळवणी मोडून टाकली. तक्त्याच्या आधी आणि नंतर ‘फॉरमॅट बंद’ व ‘फॉरमॅट चालू’ अशा अर्थाच्या टिप्पण्या लिहून तेवढा भाग वगळता येतो, हे मी त्यांना दाखवले आहे. त्यांचा प्रश्न असा की आज एका तक्त्याला सूट दिली, तर उद्या प्रत्येक जण आपल्या आवडत्या फाइलसाठी ती मागणार नाही कशावरून? याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही.

माझ्या अडचणी दोन आहेत. सगळा कोड एकाच कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) बदलला, तर कोणती ओळ कोणी आणि का लिहिली हे सांगणाऱ्या ब्लेममध्ये सर्वत्र माझेच नाव दिसेल. असे कमिट ब्लेममधून वगळण्याची सोय गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनामध्ये २.२३ या आवृत्तीपासून (२०१९) आहे, परंतु त्यासाठीची सेटिंग प्रत्येकाला आपल्या यंत्रावर करावी लागते. ती सोय रोजच्या वापरात कितपत भरवशाची ठरते?

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. तीन आठवड्यांपासून दोन ब्रँच (मुख्य कोडपासून वेगळ्या चालणाऱ्या शाखा) उघड्या आहेत आणि दोन्हींमध्ये बिलाच्याच फाइली बदलल्या आहेत. मुख्य ब्रँच आधी बदलली, तर मर्ज करताना, म्हणजे त्या मुख्य ब्रँचमध्ये मिसळताना, ओळ न् ओळ भांडेल. आधी त्या ब्रँचना फॉरमॅटिंगच्या लगेच आधीच्या कमिटपर्यंत आणावे, तेथे तेच साधन त्याच आवृत्तीने चालवावे आणि मगच मर्ज करावे, असे माझ्या मनात आहे. हा क्रम कोणी प्रत्यक्ष करून पाहिला आहे काय? की ज्या फाइलला हात लागेल तेवढीच बदलत जाणे बरे? मला मात्र भीती वाटते की तसे केल्यास हमालीच्या त्या ६१२ ओळींचा अनुभव आणखी वर्षभर येत राहील.

आंबिया बहाराचा माल ऑक्टोबरपासून येऊ लागला की अडते आम्हाला कोडला हात लावू देत नाहीत. त्यामुळे जे करायचे ते सप्टेंबरपूर्वी करावे लागेल. स्वयंचलित चाचण्या आमच्याकडे फक्त बिलाच्या भागापुरत्या आहेत, हेही उत्तर देताना कृपया लक्षात घ्यावे.