मदत हवी आहे : १९२३ च्या झेंड्यावरचा चरखा

नमस्कार मंडळी. भाचीच्या शाळेत आपल्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहावर नाटुकलं बसतंय, अन् झेंडा शिवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इतवारीतून केशरी, पांढरं, हिरवं कापड आणलंही. मग लक्षात आलं, १९२३ साली हा तिरंगा होताच कुठे! तेव्हा वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल पट्टा अन् तिन्हींवर मिळून मोठा चरखा. केशरी पट्टा आला १९३१ मध्ये, २४ आऱ्यांचं चक्र तर थेट २२ जुलै १९४७ ला. लाल कापडाचा खर्च वाढला ना बाप्पा! पट्टे शिवून होतील, चरखा काही जमत नाहीये. कुणाकडे त्या झेंड्याचा स्पष्ट फोटो आहे का? किंवा बर्डीकडे कापडावर रंगवून देणारा पेंटर? नाटक येत्या शनिवारी आहे.