एका कानाने ऐकणाऱ्याने पुढचा मोनो बॉक्स कोणता घ्यावा?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

प्रश्न तीन आहेत, पण आधी थोडं माझ्याबद्दल सांगतो. नाहीतर मी स्टिरिओ (डावा-उजवा आवाज वेगळा) सोडून मोनोच्या (सगळा आवाज एकत्र) मागे का लागलोय ते कळणार नाही.

चार वर्षांपूर्वी माझा डावा कान गेला. आजारातून उठलो तेव्हा त्या बाजूला ऐकू येणं थांबलेलं होतं, आणि ते कायमचंच. उजवा कान ठणठणीत आहे. बोलणं, फोन, रस्त्यावरचे आवाज हे सगळं हळूहळू अंगवळणी पडलं. गाणं मात्र पडेना. बीटल्सचा पहिला अल्बम 'प्लीज प्लीज मी' स्टिरिओत हेडफोनवर लावला की मला नुसते गळे ऐकू यायचे. गिटार, बास, ड्रम सगळे डावीकडे, म्हणजे माझ्यासाठी भिंतीपलीकडे. हेडफोन उलटा घातला की वाद्यं यायची आणि गाणारे निघून जायचे. शाळेत असल्यापासून पाठ असलेली गाणी, आणि मला एका वेळी त्यांचा अर्धाच भाग मिळत होता. दीड वर्ष मी रेकॉर्ड प्लेअरचं झाकण उघडलं नाही.

मग माझ्या मामेभावाने त्याच्याकडचा बीटल्सचा २०१४ चा मोनो बॉक्स मला आणून दिला. चौदा रेकॉर्ड. "तुझ्याकडे राहू दे, माझ्यापेक्षा तुला गरज आहे," एवढंच म्हणाला. मी 'रबर सोल' लावली. 'ड्राइव्ह माय कार' सुरू झालं तेव्हा मी कव्हर हातात धरून उभाच होतो. बास, पियानो, काऊबेल आणि तिघांचे गळे एकाच जागेवरून, एकमेकांना धरून येत होते. डावं-उजवं काही नाही, पण पुढचं-मागचं होतं. कोण माइकजवळ आहे आणि कोण दोन पावलं मागे, ते कळत होतं. ती बाजू संपेपर्यंत मी बसलो नाही.

आता प्रश्न.

एक. 'सार्जंट पेपर'मधलं 'शीज लीव्हिंग होम' मोनोत वरच्या पट्टीत वाजतंय. पेटीवर सूर धरून बघितला. स्टिरिओत पांढरी तीन लागते, मोनोत पांढरी चार. टर्नटेबल जोरात फिरतंय म्हणून स्ट्रोब लावून वेग तपासला, बरोबर ३३⅓ आहे. बाकीची गाणी जागच्या जागी आहेत. मग हे एकच असं का?

दोन. माझं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) साधं स्टिरिओचं आहे. शांत जागांवर खरखर जरा जास्त जाणवते. मोनो कार्ट्रिज घ्यावंच लागेल का?

तीन. यानंतर रोलिंग स्टोन्स, बॉब डिलन की किंक्स? मला सुट्या रेकॉर्ड शोधत बसायच्या नाहीत, बॉक्सच हवाय. पण प्रत्येक 'मोनो' खरोखर मोनो नसतो असं वाचलंय. काही वेळा स्टिरिओचे दोन्ही चॅनल नुसते एकत्र करून देतात म्हणे. ते काम माझ्या अँपवरचं बटणही करतं. त्या बटणाने मी खूप ऐकलंय आणि त्यात काहीतरी बिनसतं, गाणाऱ्याचा आवाज अंगावर येतो. तर खरे मोनो मिक्स (मोनोसाठीच वेगळी जुळवणी केलेले) कुठे मिळतील?

---

कॅप्स्टन

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. तुमचं टर्नटेबल ठीक आहे आणि तुमचा कानही ठीक आहे. मोनोतलं 'शीज लीव्हिंग होम' मुद्दाम टेप किंचित जोरात फिरवून केलेलं आहे, म्हणून ते सुमारे अर्ध्या स्वराने वर आहे आणि काही सेकंदांनी लवकर संपतं. स्टिरिओ मिक्स करताना ती गोष्ट पाळली गेली नाही. २०१७ मध्ये बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा गाइल्स मार्टिनने नवा स्टिरिओ मिक्स केला तेव्हा त्याने वेग मोनोचाच घेतला. यातूनच कळतं की मूळ हेतू कुठला होता.

१९६७ मध्ये ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत मोनोच वाजत होतं. त्यामुळे मोनो मिक्सला वेळ दिला जायचा, बँडमधली मंडळी स्वतः हजर असायची. स्टिरिओ मागाहून, थोडक्या वेळात, बरेचदा त्यांच्याशिवाय उरकलं जायचं. एकदा हे डोक्यात ठेवलं की फरक सापडत जातात. त्याच रेकॉर्डवर 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स' ऐका. लेननच्या आवाजावर एक गरगरता, पाण्याखालचा परिणाम आहे, तो स्टिरिओत फारच फिका आहे. दुसऱ्या बाजूला शीर्षकगीत परत येतं, त्याच्या शेवटाकडे मॅकार्टनी गर्दीच्या आवाजावर ओरडत असतो. स्टिरिओत तो जवळजवळ ऐकूच येत नाही. 'मॅजिकल मिस्टरी टूर'मधल्या 'ब्लू जे वे'त स्टिरिओला उलटे वाजवलेले गळे आहेत, मोनोत नाहीत.

सगळीकडे मोनोच सरस असंही नाही. 'व्हाइट अल्बम'वर 'हेल्टर स्केल्टर' मोनोत ३ मिनिटं ४० सेकंदांत संपतं. स्टिरिओत गाणं विरून पुन्हा परत येतं आणि शेवटी रिंगो बोटांना फोड आल्याचं ओरडून सांगतो, ते मोनोत नाहीच. मला ते गाणं स्टिरिओतच हवं असतं. बाकी त्या अल्बमसाठी मी मोनोच काढतो.

तुमच्या हातात २०१४ चा बॉक्स आहे हे फार चांगलं झालं. २००९ चा सीडीचा बॉक्सही उत्तम आहे, पण २०१४ च्या रेकॉर्ड अ‍ॅबी रोड स्टुडिओत मूळ मास्टर टेपवरून, मध्ये कुठेही डिजिटल टप्पा न आणता कापल्या आहेत. शॉन मॅगी आणि स्टीव्ह बर्कोविट्झ यांचं ते काम. प्रत्येक अल्बमची टेप लावायची, साठच्या दशकातल्या कटिंग इंजिनिअरच्या टिपा बघायच्या, जुनी पहिली प्रत शेजारी वाजवून ताडून पाहायचं. असं काम रोज होत नाही.

---

काळी तबकडी

मंद्रसप्तक, तुमची पोस्ट दोनदा वाचली. हेडफोन उलटा घालण्याची गोष्ट मनातून जात नाहीये.

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे: आधी डिलन. 'द ओरिजिनल मोनो रेकॉर्डिंग्ज', २०१०. १९६२ चा पहिला अल्बम ते १९६७ चा 'जॉन वेस्ली हार्डिंग', असे आठ. सुरुवातीचे अल्बम म्हणजे एक माणूस, एक गिटार आणि एक हार्मोनिका. स्टिरिओत कधीकधी गळा मधे, गिटार एका बाजूला आणि हार्मोनिका दुसऱ्या बाजूला जाते. एकाच माणसाच्या तोंडाजवळची हार्मोनिका दोन हात लांब कशी जाईल? मोनोत तो माणूस पुन्हा एकसंध होतो. तुमच्यासाठी तर हा फरक फारच मोठा असणार.

त्यानंतर स्टोन्स. 'द रोलिंग स्टोन्स इन मोनो', २०१६, १५ सीडी किंवा १६ रेकॉर्ड, मास्टरिंग बॉब लडविगचं. पहिल्या अल्बमचं बहुतेक काम लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत थेट मोनोत झालंय. तिथे स्टिरिओ हीच नंतरची जोड. 'बिटवीन द बटन्स' आणि 'देअर सॅटॅनिक मॅजेस्टीज रिक्वेस्ट' यांचे मोनो मिक्स वेगळे केलेले आहेत. 'स्ट्रे कॅट्स' नावाची डिस्क सुट्या सिंगल्ससाठी आहे, ती मी सगळ्यात जास्त वाजवतो. पण 'लेट इट ब्लीड' हा तुम्ही म्हणताय तसला मोनो आहे, स्टिरिओचे दोन चॅनल एकत्र केलेला. १९६९ येईतो मोनोचे दिवस संपत आले होते. ती रेकॉर्ड बॉक्स पूर्ण दिसावा म्हणून आहे. बीटल्सच्या बॉक्समध्ये याच कारणाने 'यलो सबमरीन' घेतलेलीच नाही, तिच्यातल्या नव्या चार गाण्यांचे खरे मोनो मिक्स त्याच बॉक्समधल्या 'मोनो मास्टर्स' या सुट्या गाण्यांच्या संग्रहात दिलेत. मला ही पद्धत जास्त पटते.

किंक्सचा २०११ चा दहा सीडींचा बॉक्स सावकाश घ्या. त्यांच्या रे डेव्हिसची गाणी मोनोत घट्ट आणि धारदार लागतात.

एक सांगून ठेवतो. बॉक्स वापरलेला घेणार असाल तर पैसे देण्याआधी प्रत्येक स्लीव्हमध्ये हात घालून बघा. मी एकदा फोटो पाहून एक बॉक्स घेतला. घरी आल्यावर कळलं की एका कव्हरमध्ये भलतीच, दुसऱ्याच अल्बमची स्टिरिओ प्रत घातलेली होती. विकणाऱ्याने पुन्हा उत्तर दिलं नाही. ती एक मोनो रेकॉर्ड सुटी मिळवायला मला दोन वर्षं लागली. पुढे जुन्या ब्रिटिश प्रतींकडे वळलात तर लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला नंबर वाचायची सवय लावा. बीटल्सच्या बाबतीत तो 'एक्सईएक्स'ने सुरू होत असेल तर मोनो, 'वायईएक्स' असेल तर स्टिरिओ. कव्हरपेक्षा त्या नंबरावर विश्वास ठेवा.

---

नीरजा_ऐकते

बटणाने काय बिनसतं ते आधी. स्टिरिओत जे मधोमध ठेवलेलं असतं ते दोन्ही चॅनलमध्ये सारखं असतं. दोन्ही एकत्र केले की कडेच्या वाद्यांच्या मानाने ते सुमारे ३ डेसिबल पुढे येतं. मधोमध बहुतेक वेळा गाणारा असतो, म्हणून तो अंगावर येतो. आणि दोन चॅनलमध्ये जे एकमेकांच्या उलट फेजमध्ये (एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली) असतं ते कापलं जातं, एखादा प्रतिध्वनी अचानक सुकतो. मोनो मिक्स करणाऱ्याने हा तोल एकाच स्पीकरवर ऐकून, हाताने लावलेला असतो. म्हणजे तुम्हाला जे खटकत होतं ते खरंच होतं.

आता खरखर. मोनो रेकॉर्डच्या ग्रूव्हमध्ये (खाचेत) सुई फक्त आडवी हलते. स्टिरिओ ग्रूव्हच्या दोन भिंती ४५ अंशांत वेगवेगळ्या कोरलेल्या असतात, त्यामुळे तिथे सुई आडवी आणि उभी अशी दोन्ही हलते. तुमचं स्टिरिओ कार्ट्रिज मोनो रेकॉर्डवरही उभी हालचाल वाचतच असतं, आणि तिथे संगीत नसतंच. असते ती धूळ, ओरखडे, वाकलेल्या रेकॉर्डची लाट. म्हणून तुमच्या वाट्याला नुसता कचरा येतोय. गंमत म्हणजे, जे बटण स्टिरिओ रेकॉर्डवर तोल बिघडवतं तेच मोनो रेकॉर्डवर कामाचं आहे. ते दाबलं की ही उभी हालचाल रद्द होते आणि संगीताला धक्का लागत नाही. आधी आज रात्री एवढंच करून बघा.

समाधान झालं नाही तर मोनो कार्ट्रिज. मी ऑर्टोफोन २एम मोनो वापरते. त्याची सुई गोल टोकाची, १८ मायक्रॉनची. १९५० च्या दशकातल्या जुन्या रुंद ग्रूव्हसाठी काहीजण २५ मायक्रॉनची सुई सुचवतील. ती तुमच्या बॉक्ससाठी घेऊ नका, हे नवे बॉक्स आधुनिक लेथवर (ग्रूव्ह कोरणाऱ्या यंत्रावर) कापलेले आहेत आणि त्यांचे ग्रूव्ह अरुंद असतात. दुसरं, जुन्या बनावटीच्या काही मोनो कार्ट्रिजमध्ये सुईला वर-खाली हलायला जागाच नसते. ती चुकूनही स्टिरिओ रेकॉर्डवर ठेवू नका, ग्रूव्ह खरवडला जाईल.

आणि बीच बॉईज बँडचं 'पेट साउंड्स' कुणीच कसं सुचवलं नाही? बॉक्स नाही, एकच रेकॉर्ड आहे, पण मंद्रसप्तक, तुमच्यासाठी पहिली तीच. त्यांच्या ब्रायन विल्सनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू यायचं नाही. १९६६ मध्ये त्याने तो अख्खा अल्बम मोनोतच मिक्स केला. खरा स्टिरिओ मिक्स बाहेर यायला १९९७ उजाडलं. त्या खोलीत तो एका कानाने ऐकत बसला होता आणि त्या एका कानाने जे बरोबर वाटलं तेच रेकॉर्डवर उतरलं.

---

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बटण दाबून 'सार्जंट पेपर'च्या दोन्ही बाजू ऐकल्या. दोन गाण्यांमधल्या शांततेत जी बारीक चटचट होती ती निम्म्याहून कमी झाली. 'शीज लीव्हिंग होम'मधली हार्प सुरू होते त्याआधीचा क्षणभर आता खरंच शांत आहे. आणि दुसऱ्या बाजूला मॅकार्टनी ओरडताना ऐकला. हे गाणं किती वर्षं ऐकतोय, दोन्ही कान होते तेव्हाही तो कधी ऐकू आला नव्हता.

ब्रायन विल्सनचं मला माहीत नव्हतं. त्याचा उजवा, माझा डावा. नीरजाताई, ते वाचल्यावर बराच वेळ काही लिहिता आलं नाही. 'पेट साउंड्स'ची मोनो प्रत मागवली आहे. त्यानंतर डिलन. मामेभावाला हा धागा वाचून दाखवला, तर तो म्हणाला की बीटल्सचा बॉक्स परत मागणार नाही, पण डिलन आला की पहिली बाजू त्याच्यासमोर लावायची.

कार्ट्रिजही घ्यायचं ठरवलंय. २एम मोनोला सुईचा दाब किती ठेवता?

---

नीरजा_ऐकते

१.८ ग्रॅम. छोटा डिजिटल काटा वापरा, टोनआर्मवरच्या (सुईच्या दांडीवरच्या) आकड्यांवर विसंबू नका. कार्ट्रिजच्या चारही तारा नेहमीसारख्याच लावा, एकच आवाज दोन्ही स्पीकरमधून येईल. मग खुर्ची उजव्या स्पीकरकडे ओढून घ्यायची गरज उरणार नाही, कुठेही बसा.