पहिली ट्रायथलॉन करायचीय, पण पोहणं विहिरीतलं आहे, जमेल का?

करवीरचा_गडी
नमस्कार मंडळी. वय ३४, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शिफ्टला आहे. स्प्रिंट ट्रायथलॉनला नाव घालायचं मनात आहे, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल आणि ५ किमी पळणं. हातात चार महिने आहेत. सायकलचं टेन्शन नाही, रविवारी जोतिबाला जाऊन येतो, रंकाळ्याभोवती पळायलाही जातो. पण पोहायला लहानपणी गावच्या विहिरीत शिकलोय, पाठीला भोपळा बांधून, आणि अजून मान वर काढूनच पोहतो. एवढं अंतर असं पोहून निघेल का? आणि माझ्याकडे साधी गिअरची हायब्रीड सायकल आहे, मित्र म्हणतोय रोडबाईकशिवाय (शर्यतीची हलकी सायकल) नाद करू नको. जाणकारांनी सांगा.

पंचगंगाकाठ
भावा, बिनधास्त नाव घाल. नियमात कुठलाही स्ट्रोक चालतो, दम लागला तर बॉयला (मार्ग दाखवायला पाण्यात तरंगत ठेवलेली खूण) किंवा थांबलेल्या होडीला धरून विश्रांतीही घेता येते, फक्त धरून पुढं सरकायचं नाही. पण मान वर काढून पोहण्यात गोची अशी की मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात, मग पाय मारून मारून शरीर वर ठेवावं लागतं आणि पाण्यातनं बाहेर येईपर्यंत पायातली ताकद निम्मी गेलेली असते, ज्या पायांनी पुढं सायकल आणि पळणं दोन्ही करायचंय. म्हणून पहिला महिना अंतराच्या मागं लागूच नकोस. टँकवर जा, तोंड पाण्यात घालून श्वास पाण्यातच हळूहळू सोडायला शीक. बहुतेक नवीन लोकांचा दम ताकदीअभावी नाही जात, श्वास कोंडून धरल्यामुळं जातो. एखादा कोच बघ, आपल्या कोल्हापुरात, ऑलिम्पिकला गेलेल्या जलतरणपटू वीरधवल खाडेच्या गावात, पोहायला शिकवणारे मिळतील. २५ मीटरच्या टँकमध्ये ३० लांब्या म्हणजे ७५० मीटर, त्या न थांबता सावकाश निघायला लागल्या की मग उघड्या पाण्याचा विचार.

उघडं पाणी मात्र वेगळं प्रकरण आहे. तळाशी रेघ नाही, पाणी गढूळ, शेजाऱ्याचा हात डोक्यावर बसतो. सहा-आठ हात मारले की डोळे तेवढे वर काढून बॉय कुठं आहे बघायचं, नाहीतर वाकडं पोहून अंतर वाढतं. सुरुवातीला घोळक्याच्या मागं आणि कडेला उभं राहा. छाती धडधडायला लागली तर पाठीवर उताणा हो, श्वास लागू दे, मदत पाहिजे तर हात वर कर. आणि तलाव असो नाहीतर विहीर, सरावाला एकट्यानं उतरायचं नाही, कमरेला केशरी तरंगणारा फुगा बांधायचा.

धावती_ताई
वरच्या दादांच्या म्हणण्यात एक भर घालते, ती जरा गंभीर आहे. ट्रायथलॉनमध्ये जे थोडे मृत्यू होतात त्यातले बहुतांश पोहण्याच्या टप्प्यात झालेले आहेत आणि त्यात अनुभवी लोकही असतात. त्यामुळं भाऊ, आधी डॉक्टरांकडं जाऊन बीपी आणि ईसीजी करून घ्या, घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल तर ते आवर्जून सांगा. सरावात छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं, दम काढायचा नाही. आपल्याकडं तालमीतल्या मेहनतीचा अभिमान आहे आणि तो असावाच, पण इथं त्याच्या भरवशावर राहू नये.

सायकलवरनं उतरून पळायला लागलं की पाय आपले नाहीतच असं वाटतं, ह्याची सवय आधीच करावी लागते. आठवड्यातनं एकदा पाऊण तास सायकल मारा, ती भिंतीला लावा आणि लगेच दहा-पंधरा मिनिटं पळा, ह्यालाच ब्रिक म्हणतात. सायकलच्या शेवटच्या पाच मिनिटांत गिअर हलका करून पाय भराभर फिरवा, पोटऱ्या मोकळ्या होतात.

वाघबीळ_घाट
रोडबाईक अजिबात घेऊ नकोस आत्ता. तेच पैसे कोचला, पोहायच्या चांगल्या गॉगलला आणि हेल्मेटला घाल. २० किमीत हायब्रीडवर काही मिनिटं जातील, पहिल्या शर्यतीत त्यानं काय फरक पडतोय? सायकलची सर्व्हिसिंग कर, पंक्चर स्वतः काढायला शीक. ट्रान्झिशनचे, म्हणजे पोहण्यातनं सायकलवर आणि सायकलवरनं पळण्यावर जायच्या जागेचे, नियम मात्र पाठ पाहिजेत. सायकल स्टँडवरनं काढायच्या आधी हेल्मेटचं बक्कल लागलेलं पाहिजे आणि परत अडकवल्यावरच सोडायचं. तिथं आखलेल्या रेघेच्या पुढं गेल्यावरच सायकलवर चढायचं, येताना रेघेच्या अलीकडं उतरायचं. हौशी लोकांच्या बहुतेक शर्यतीत दुसऱ्याच्या मागं चिकटून सायकल चालवायला बंदी असते, शर्यतीचं नियमपत्रक नीट वाच.

आणि एक, ऊस सुरू झाला की पहाटे अंधारात हायवेला जाऊ नको. बिनलाईटच्या ट्रॉल्या असतात. उजाडल्यावर पन्हाळ्याकडं जा.

करवीरचा_गडी
सगळ्यांचे मनापासून आभार, डोक्यातला निम्मा गोंधळ मिटला. ईसीजी ह्याच आठवड्यात करतो. दोनच शंका, नाईट शिफ्ट असेल त्या आठवड्यात सराव कसा बसवायचा? आणि आदल्या दिवशी आणि सकाळी काय खायचं?

धावती_ताई
नाईटवरनं आल्या आल्या पाण्यात किंवा रस्त्यावर जायचं नाही, आधी झोप. त्या आठवड्यात दुपारी उठून हलकं पळणं आणि टँक एवढंच ठेवा, लांब सायकल सुट्टीच्या दिवशी. एरवी तीनदा पोहणं, दोनदा सायकल, दोनदा पळणं (त्यातलं एक ब्रिकच्या दिवशी सायकलसोबतच) आणि एक दिवस पूर्ण आराम, त्यातलं काही चुकलं तर दुसऱ्या दिवशी डबल करून भरून काढू नका.

आदल्या रात्री तांबडा-पांढरा नको, शर्यत झाल्यावर पोटभर खा. साधा वरणभात, लवकर. सकाळी सुरुवातीच्या दोन-तीन तास आधी केळी किंवा थोडे पोहे, जे सरावाच्या दिवशी खाऊन पचलंय तेच. सायकलवर बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट.

पंचगंगाकाठ
३० लांब्या निघायला लागल्या की इथंच सांग. आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी मिळून तलावावर असतो, एकजण कायम काठावर थांबतो. तुझं पहिलं उघडं पाणी आमच्यासोबतच कर. येताना फुगा नसला तर माझ्याकडं जादाचा आहे.